लाभ, दोन, तीन

देवलापारला तेव्हा शिवणीचा रस्ता मुरमाचा होता
आणि गोदाम म्हणजे कौलांची एक पडवी.
पलीकडे जंगल. अलीकडे हिशेब.
मधे माझा बाप, लटारू मापारी,
आणि त्याच्या गुडघ्याशी पितळी पट्टीचा कुडो.

फळ्या काढायच्या आधी उंबऱ्यावर पाण्याचा हात,
कुडोला हळदीचं बोट,
पहिली मूठ मीठ शिवेच्या दगडाला.
केवलचंद शेठ म्हणायचे, "आधी रानाचं, मग माणसाचं."
(मीठ स्वस्त हाय, बाप माझ्या कानात सांगे.)
मग शेठ चोपडीच्या माथ्यावर नवं 'श्री' काढत
आणि शाई वाळेपर्यंत कोणी बोलायचं नाही.
पावसाळ्यात शाई फार वेळ घेई.
मी तेवढ्यात कौलं मोजून टाके.

मापाला पहिला आकडा 'एक' नसतो.
पहिला कुडो भरला की बाप डोळे मिटून
लांब सूर लावी, लाऽऽभ,
मग एक,
मग दोन.
मी पोत्याचं तोंड धरून उभा.
वाटायचं, लाभ हा देवाचा कुडो असणार,
तो माणसांच्या बेरजेत कसा येईल?
मीठ देताना मात्र
लाभनंतर दोनच यायचे.
हे मला दिसत होतं.
कळत नव्हतं.

चारोळीच्या दिवसांत टोल्यावरून
झेलाबाई उईके यायची.
मोहाखाली भिवसनचा दगड, अर्धा शेंदूर उडालेला.
चारोळीच्या दर मापाला ती ओच्यातून गारगोटी काढून
त्याच्यापुढे ठेवी.
टक्.
"बुढीची पूजा चालू द्या," शेठ हसत.
पूजेला कोण कशाला आडवं येईल?
लाभ, टक्. एक, टक्.
मीठ घेताना एकेक गारगोटी उचलून परत ओच्यात.
शेवटची एक उरायची. ती देवाजवळ.
ढीग वाढत गेला, पालापाचोळ्यात बुडाला,
आम्हाला तो नवसाचा वाटला.

मग एका वैशाखात ती फळ्या काढतानाच आली.
'श्री' नुकतंच काढलेलं, शाई ओली.
तिनं मुळाशी बसून ढीग उपसला,
लुगड्यात भरला,
आणि मिठाच्या पोत्यापुढं ओतला.
खूप वेळ वाजत राहिला तो आवाज.
शेठचं तोंड उघडं, पण बोलता येईना,
शाई वाळायची होती.
वाळली, तेव्हा तीच बोलली,
"भिवसनचं मीठ राह्यलं."

देवाच्या नावाचं होतं.
नाही कोण म्हणणार?
शेठनी चोपडी उघडली, मिटली, परत उघडली.
बापानं कुडो मिठात घातला.
लाभ, दोन, तीन,
दर मापाला ती एक दगड उचलत होती,
एकसष्टावर पोत्याचा तळ लागला
तरी चार गारगोट्या शिल्लक.
"त्या असू दे," ती म्हणाली. "उद्या."

मग तिनं त्या दिवशीची चारोळी पुढं सरकवली.
बापानं कुडो भरला. लाभ.
डोळे मिटले नव्हते.
दुसरा भरला, हात काठावर फिरवून सारखा केला,
फिरवतच राहिला,
आणि म्हणाला,
दोन.

त्या रात्री बाप जेवला नाही.
नाही, जेवला. वरून मीठ घेतलं नाही, एवढंच.

आता तिथून चौपदरी जाते,
पुलाखालून वाघ जातात म्हणे.
माझं दुकान इतवारीत, काटा बॅटरीवरचा,
तो शून्यापासून सुरू होतो, त्याला लाभ माहीत नाही.
तरी बोहनीला ओठांत येतोच.
गिऱ्हाईक मोबाईलमध्ये मान घालून असतं.
मी पुढचा आकडा म्हणायच्या आधी
जरा थांबतो,
टक् ऐकू येतं का म्हणून.